बेसिंगस्टोकच्या हिकमत मॅडम

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. टेकअवेचे प्लास्टिकचे डबे कसे, फेकवत नाहीत म्हणून आपण ठेवत जातो आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे धाडधाड अंगावर येतात, तसंच हे. परवा एका नव्या मुलीने मला विचारलं, "वृंदाताई, तुमच्या वेळची मंडळाची नाटकं एवढी गाजायची कशी हो?" झालं! कपाट उघडलं.

खरं म्हणजे उत्तर एवढंच आहे: हिकमत मॅडम. पण एवढ्यावर थांबायला मी काय टेस्ट रिपोर्ट लिहितेय? बसा, चहा घ्या, नीट सांगते.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या आसपासची. आम्ही सगळे वर्क परमिटवाले. आठवडाभर बिझनेस पार्कात कॉम्प्युटरसमोर आणि रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम. लेखक, दिग्दर्शक आणि हिरो तिन्ही एकटा मिलिंद. ब्रॅकनेलहून गाडी हाणत यायचा आणि सगळ्यात उशिरा यायचा. प्रॉम्प्टर आपटे काका, साठच्या दशकात इथे इंग्लंडमध्ये आलेले, रिटायर्ड इंजिनियर, आमच्या मंडळाचे भीष्माचार्य. आणि हिरॉइन मी. हो, मीच. माझ्याइतकं चोख पाठांतर कुणाचंच नव्हतं, उगाच खोटी नम्रता कशाला?

*

तर असाच एक रविवार. विनोदी नाटकाची तालीम रंगात आलेली, म्हणजे असं आम्हाला वाटत होतं. दार उघडलं आणि एक सत्तरीच्या बाई आत आल्या. मोठा काळा गॉगल, लालभडक लिपस्टिक, हातात अर्धवट विणलेला मफलर. शेजारच्या खोलीत पेन्शनरांचा विणकामाचा क्लब भरायचा, तिथून उठून आल्या होत्या.

पाच मिनिटं त्या भिंतीला टेकून बघत राहिल्या. मग इंग्लिशमध्ये विचारलं, "कोण वारलं?"

मिलिंद गोंधळला. "नोबडी, मॅडम! इट्स अ कॉमेडी."

"मग तुम्ही सगळे मयताला आल्यासारखे का उभे आहात?"

मिलिंदच्या अंगाचा तिळपापड झाला. "मॅडम, तुम्हाला मराठी येतं का?"

"एक अक्षर नाही."

"मग तुम्हाला कसं कळणार इथे काय चाललंय?"

"तेच तर म्हणतेय मी! मला कळायला हवं होतं."

आणि खुर्ची ओढून बसल्या. "पहिल्यापासून करा. मला कळेपर्यंत करा." त्या दिवशी आम्ही पहिला प्रवेश अकरा वेळा केला. अकराव्या वेळी मॅडम खो-खो हसल्या आणि मिलिंदने मुकाट्याने दिग्दर्शकाची खुर्ची सोडली.

*

या बाई नक्की कोण, ते तिसऱ्या रविवारी कळलं. हिकमत मॅडम कैरोच्या. सतराव्या वर्षी रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि तिशीनंतर सिनेमात गेल्या. तिथे खाष्ट सासू, सावत्र आई आणि नवऱ्याला विष घालणारी बायको ही तीन खाती त्यांच्याकडे कायमची. "एकतीस जणांच्या थोबाडीत मारली मी," असं त्या अभिमानाने सांगायच्या. "सगळ्या खऱ्या!"

एकदा म्हणे त्या बाजारात भाजी घ्यायला गेल्या. आदल्या आठवड्यात लागलेल्या सिनेमात त्यांनी सुनेला घराबाहेर काढलं होतं. भाजीवालीने ओळखलं, शिव्या घातल्या आणि कांद्याची आख्खी टोपली त्यांच्या डोक्यावर उपडी केली!

मी म्हटलं, "बाप रे! मग तुम्ही काय केलंत?"

"कांदे गोळा केले. चांगले होते. आणि घरी जाऊन दिग्दर्शकाला फोन केला, म्हटलं, मला बक्षीस मिळालं."

आम्ही हसून लोळलो. त्या मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांना मजेचं वाटतं. माझ्या मुलाला नाही वाटलं."

मुलगा म्हणजे डॉक्टर शरीफ. आमच्याच गावातल्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. लहानपणी आई दौऱ्यावर असली की हा मावशीकडे, आणि शाळेतली पोरं म्हणायची, "हा विषवालीचा!" एका वाढदिवसाला त्याच्याकडे एकही मित्र आला नाही. सात वर्षांच्या पोराने त्या दिवशी जाहीर केलं, "मी तुझं एकही काम कधीही बघणार नाही." आणि माणूस शब्दाचा पक्का निघाला! आता चाळिशी उलटलेली, आईला इथे आणून ठेवलेलं, तिची औषधं वेळेवर, गरम पाण्याची पिशवी वेळेवर. पण सॅटेलाइटवर आईचा सिनेमा लागला की हा उठून गाडी धुवायला जायचा.

"गैरसमज नको," मॅडम म्हणाल्या. "मी हे तुमच्या गणपतीसाठी करत नाहीये. मला एकदा स्टेजवर उभं राहायचंय आणि माझा मुलगा समोर बसून मला बघतोय, असं व्हायला हवंय. मरायच्या आधी. बस्स, एवढंच."

आपटे काकांनी लगेच चष्मा पुसायला घेतला. मिलिंद म्हणाला, "होईल, मॅडम." मिलिंदने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला एवढं छोटं उत्तर दिलं असेल.

*

एकदा मी त्यांना गाडीने स्लाऊला घेऊन गेले. तिथे एका इराकी माणसाचं किराणा दुकान होतं आणि मॅडमना मुलुखिया हवी होती. ही तिकडची पालेभाजी, फ्रोझन मिळायची, शरीफला भयंकर आवडायची.

दुकानदाराने मॅडमकडे पाहिलं. परत पाहिलं. मग वरच्या मजल्याकडे तोंड करून असा ओरडला की मला वाटलं चोर शिरले. त्याची बायको पिठाच्या हातांनी धावत खाली आली. आधी तिने मॅडमच्या हाताचा मुका घेतला. मग कंबरेवर हात ठेवून जी काय सुरू झाली म्हणता! पाच मिनिटं नॉनस्टॉप अरबी.

मी हळूच विचारलं, "काय म्हणतेय?"

"विचारतेय, एवढ्या देखण्या नवऱ्याला मी विष का घातलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. तो वाक्यं विसरायचा!"

दुकानदाराने खजुराचं खोकं भेट म्हणून हातात कोंबलं. गाडीत बसेपर्यंत मॅडम राणीसारख्या चालत आल्या. मग पट्टा लावता लावता म्हणाल्या, "बघ, या परक्या माणसाला माझी तीस वर्षांपूर्वीची मान कशी वळली तेसुद्धा आठवतंय." मला त्या क्षणी त्या शरीफचा असा राग आला म्हणून सांगू! बेसिंगस्टोक येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला एकतिसांनंतरची बत्तिसावी लगावत होते.

*

आपटे काकांचं प्रॉम्प्टिंग हा स्वतंत्र विषय आहे. काकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आपला आवाज किती जातोय याचा त्यांना पत्ता नसायचा. वाक्य आधी विंगेतून शेवटच्या रांगेपर्यंत जायचं, मग नटाच्या तोंडून यायचं. मिलिंद वैतागून म्हणाला, "अहो काका, लोक तुमच्या एन्ट्रीची वाट बघतात!"

मॅडमनी मात्र काकांची बाजू घेतली. "प्रॉम्प्टरशी भांडायचं नाही. मी एकदा भांडले होते."

त्यांच्याकडे प्रॉम्प्टर विंगेत नसायचा, स्टेजच्या पुढच्या काठाखाली एका खोक्यात बसायचा. एका ऐतिहासिक नाटकात मॅडम राणी होत्या. समोरचा सेनापती वाक्य विसरला आणि खोक्यातून काहीच येईना. प्रॉम्प्टर साहेब झोपले होते! मॅडमनी काय करावं? ताडताड चालत गेल्या, खोक्यावर जोरात पाय आपटला आणि दोन्ही हात पसरून गरजल्या, "हे धरणीमाते, तू तरी बोल!"

प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"मग? धरणीमाता बोलली?" काकांनी कानामागे हात धरून विचारलं.

"बोलली ना! खणखणीत बोलली. फक्त ते वाक्य कालच्या नाटकातलं होतं."

*

मिलिंदला पदरची वाक्यं घालायची खोड. टाळी मिळाली की गडी थांबायचाच नाही. मॅडम त्याला रागावल्या नाहीत, फक्त अलेक्झांड्रियाची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात तिकडे समुद्राकाठी विनोदी नाटकांचा सीझन असतो. त्यांचा नायक मोठा स्टार. रोज पंधरा-वीस मिनिटं पदरचं बोलायचा आणि बाकीचे नट पुतळ्यासारखे उभे.

एके दिवशी मॅडम सरळ खाली बसल्या, पर्समधून सुया काढल्या आणि भर प्रयोगात विणायला लागल्या. नायकाचं लक्ष गेलं. "हे काय करतेस?"

"तुझ्या नातवाला स्वेटर विणतेय. तुझं बोलून होईपर्यंत जन्मेल तो."

पुढच्या रविवारी मिलिंद तालमीत पदरचं काहीतरी बोलायला लागला. मॅडमनी काही म्हटलं नाही, नुसता पर्सकडे हात नेला. मिलिंद लगेच संहितेवर!

*

आता पहिल्या वर्षीच्या प्रयोगाचं ऐका. आपल्याकडे नाटकाआधी तीन घंटा होतात. इजिप्तमध्ये पडदा उघडायच्या आधी काठीने स्टेजवर तीन ठोके देतात. मॅडम म्हणाल्या, "या वर्षी ठोके मी देणार. पडद्यासमोर उभं राहून. तेवढं जरी शरीफने पाहिलं तरी मी खूश." शरीफने "आय विल ट्राय" एवढं म्हटलं होतं. मॅडमनी त्या तीन ठोक्यांसाठी हेअरड्रेसरकडून केस सेट करून आणले!

शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. बाहेर पुऱ्यांची तयारी, आत तीनशे माणूस. आणि विंगेत आपटे काका नटराजाच्या फोटोपुढे पूजा करायला बसले. नारळ झाला, उदबत्ती झाली. मी म्हटलं, "काका, पुरे." पण काका म्हणजे काका. "अगं वृंदे, धुपाशिवाय का पूजा होते?" असं म्हणत त्यांनी धुपाटणं पेटवलं आणि ते नेमकं कुठे ठेवावं? स्मोक अलार्मच्या बरोब्बर खाली!

असा काही भोंगा सुरू झाला! केअरटेकर धावत आला आणि तीनशे माणसं, नऊवारीतल्या बायका, खोट्या मिशांचे पुरुष, सगळ्यांना त्याने कार पार्कमध्ये नेऊन उभं केलं. पाच मिनिटांत फायर ब्रिगेडचा बंब दारात.

आम्ही रडकुंडीला आलेलो. मॅडम मात्र काठी घेऊन ताठ उभ्या. "प्रेक्षक आहेत, नट आहेत, मग थांबलोय कशाला? सुरू करा!" काठी डांबरावर तीनदा आपटली आणि आम्ही खरोखर पहिला प्रवेश कार पार्कमध्ये केला, दोन व्हॉक्सहॉल गाड्यांच्या मध्ये! फायर ऑफिसर हेल्मेट घालून आमच्या दिशेने आला. "हू इज इन चार्ज हिअर?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही मधे उभे आहात. मागच्यांना दिसत नाहीये."

तो चक्क बाजूला झाला!

त्याच गडबडीत शरीफची गाडी गेटातून आत आली. बंब पाहून त्याने काच खाली केली, कुणाला लागलंय का ते विचारलं, कुणालाच नाही म्हटल्यावर हात हलवला आणि ड्यूटीवर निघून गेला. मी मॅडमना म्हटलं, "अहो, पण त्याने तुम्हाला पाहिलं की!"

"ते धरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा मी अभिनय करत नव्हते, भांडत होते. ते तो रोज घरी बघतो."

*

दुसऱ्या वर्षी मॅडमनी फर्मान काढलं: "मला रोल लिही." मिलिंदने कपाळावर हात मारला. "मॅडम, मराठीतून बोलणार कसं?"

"मग न बोलणारी बाई लिही. तुमच्याकडे अशी बाई नसतेच का?"

सगळे विचारात पडले. आमच्या घरांत तरी नव्हती! शेवटी काकांनी तोडगा काढला. त्यांची एक आत्या चातुर्मासात मौन धरायची. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत अवाक्षर नाही, सगळा कारभार भुवयांवर. "आणि अख्खं घर चळाचळा कापायचं," काका म्हणाले. मॅडमना हे सगळं इंग्लिशमध्ये समजावून सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे असे चमकले!

मिलिंदने नाटक लिहिलं. कोकणातली आत्या चातुर्मासाच्या मौनात असते आणि तेवढा मोका साधून भाचा तिची आंब्याची बाग परस्पर विकायला काढतो. भाचा मिलिंद, त्याची बायको मी. मॅडमना तालमीत नुसतं चालताना बघितलं तरी मी आपोआप दोन पावलं मागे सरकायचे. एका भुवईत बाईंनी आमची पानंच्या पानं खाऊन टाकली. मिलिंद कुरकुरला, "माझी दोनशे वाक्यं आहेत आणि लोक बघणार त्यांच्याकडे!"

मी म्हटलं, "मिलिंद, तू दोनशे वाक्यं बोलतोस ना, म्हणूनच!"

राहता राहिला शरीफ. ते काम काकांनी केलं. गुडघ्याच्या अपॉइंटमेंटला गेले, तपासून घेतलं आणि उठताना म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही माझा गुडघा बघितलात, उपकार झाले. आता दोन तास आईला बघा." शरीफ काही बोलला नाही. काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे तो हो म्हणाला असं त्यांनी आम्हाला ठणकावून सांगितलं.

*

आणि तो आला.

मी पडद्याच्या फटीतून पाहिला. तिसरी रांग, भिंतीलगतची कडेची खुर्ची, कोट अंगातच, हाताची घडी. नाटक बघायला नव्हे, दात काढून घ्यायला आल्यासारखा चेहरा. मी मॅडमना सांगितलं. नऊवारी नेसलेल्या मॅडमनी फक्त विचारलं, "जेवून आलाय का, तसं वाटतंय?" मी म्हटलं, "मॅडम, ते मला इथून कसं कळणार?"

नाटक सुरू झालं. मॅडमच्या पहिल्या भुवईला हॉल हसला, दुसरीला टाळी. मी दर एन्ट्रीला शरीफकडे बघत होते. अर्ध्या तासाने त्याची घडी सुटली. पाऊण तासाने कोट निघाला. हसला मात्र नाही.

आता शेवटचा प्रवेश. आत्याला बाग विकल्याचं कळतं आणि ती घेरी येऊन पडते. शुद्धीवर येते तेव्हा तिचं मौन सुटतं. सगळ्यांना वाटतं, आता भाच्याचा उद्धार होणार. आणि ती भाच्याला दोनच शब्द विचारते: "जेवलास का?" मॅडमचं अख्ख्या नाटकातलं एकुलतं एक वाक्य. चार आठवडे काकांनी ते त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

पण ते पडणं मॅडमनी तालमीत एकदाही करून दाखवलं नव्हतं. "पडणं तालमीत खर्च करायचं नसतं," म्हणायच्या. त्यामुळे आम्हालाही ते माहीत नव्हतं.

त्या पडल्या.

काय सांगू! आधी हातातली जपमाळ गळाली, मग नजर गेली, मग आख्खी बाई जमिनीवर. धप्प! मिलिंद वाक्य विसरला. विंगेतून काकांनी वाक्य द्यायच्या ऐवजी "अगं बाई!" अशी किंकाळी फोडली. मी खरंच धरून चालले की मॅडम गेल्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "ममा!"

पुढच्या दोन रांगांतल्या लोकांना अक्षरशः ओलांडत शरीफ स्टेजवर चढला. "मूव्ह बॅक! आय ॲम अ डॉक्टर!" मिलिंदला ढकललं, गुडघ्यावर बसला आणि मॅडमचं मनगट धरलं. मी अगदी शेजारी होते. त्याची बोटं मनगटावर इकडून तिकडे फिरत होती, त्याला नाडी सापडतच नव्हती. हाडांचा एवढा मोठा डॉक्टर, आणि त्याला आईची नाडी सापडेना!

मॅडमनी डोळे उघडले नाहीत. ओठ न हलवता, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "सिट डाउन, शरीफ. माझं वाक्य राहिलंय."

शरीफ बघतच राहिला. मला वाटलं आता हा उठणार, चिडणार, तरातरा निघून जाणार. तो तिथेच खाली बसला. स्टेजवर, तीनशे माणसांसमोर, मनगट न सोडता.

मॅडमनी हळूहळू डोळे उघडले. वाक्य भाच्याला म्हणायचं होतं. मिलिंद उजवीकडे हात जोडून तयार होता. मॅडमनी मान डावीकडे वळवली, दुसरा हात उचलून शरीफच्या गालावर ठेवला आणि स्वच्छ मराठीत विचारलं,

"जेवलास का?"

शरीफला मराठीचं एक अक्षर येत नाही.

तो म्हणाला, "नो, ममा."